वरवंट्याला जामीन नाही

“बाई, माझा वरवंटा कुठाय?”

कपाळावर अकरा टाके, डावा हात प्लास्टरात, एक डोळा सुजून मिटलेला, आणि गिरजाबाई शेडगेचा मला पहिला प्रश्न हा. सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. मांडीवर चार पानी फॉर्म.

“पोलिसांनी नेला,” मी म्हटलं. “पुरावा आहे तो.”

“परत कवा देत्याल?”

“देतील हो. आधी मला सांगा, आता कसं वाटतंय?”

“कसं वाटणार?” ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पण फॉर्मवर सगळ्यात आधी तोच प्रश्न होता आणि मी नोकरीत नवी होते.

माझं नाव कुसुम तारळेकर. एका संस्थेची समुपदेशक. तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात संस्थेला एक खोली मिळाली होती, दोन खुर्च्या, एक कपाट आणि पावसाळ्यात तिसऱ्या खुर्चीच्या जागी बादली. जिला मार बसला तिच्या बाजूनं बसायचं, हे माझं काम. मी वकील नव्हते, पोलीस नव्हते, नातेवाईकही नव्हते. जबाब नोंदवताना शेजारी, डॉक्टरकडे शेजारी, कोर्टात बाकावर शेजारी. या हुद्द्याला काय म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळे कोर्टातला शिपाई मला साक्षीदाराची बहीण समजायचा. तीन वेगवेगळ्या गावच्या बायकांची एकच बहीण कशी, असं त्यानं एकदा विचारलंही होतं.

तर फॉर्म. सव्वीस रकाने. नाव, वय, जात, मारहाणीचं हत्यार. हत्याराच्या रकान्यात मी ‘वरवंटा’ लिहिलं. बाविसावा रकाना होता, ‘पीडितेची अपेक्षा’.

“गिरजाबाई, तुम्हाला काय हवं? मनातलं सांगा.”

“वरवंटा.”

“ते झालंच. पण या सगळ्यातून, म्हणजे शेवटी, तुमची अपेक्षा काय?”

ती एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली. बाईला ऐकू कमी येतं की काय, असं तिला माझ्याबद्दल वाटलं असावं.

“माझा वरवंटा मला परत पायजे,” ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली.

डोक्याला मार आहे, बाई भांबावलेली आहे, असं धरून मी रकान्यात ‘न्याय’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली. अक्षर माझं चांगलं आहे.

प्रकरण साधं होतं. नवरा दिनकर शेडगे, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. मुलगी सारिका, सतरा वर्षांची, बारावीला. दिनकरनं तिचं लग्न एका छत्तीस वर्षांच्या बिजवराशी ठरवलं आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. गिरजाबाई पाट्यावर मिरची वाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, “पोरगी शिकती हाय. न्हाई द्यायची.” त्यानं तिच्या हातातला वरवंटा ओढून घेतला. पुढचं दवाखान्याच्या कागदात आहे. सारिकानं आरडाओरडा केला, शेजारी धावले म्हणून बाई वाचली. स्थळ मात्र मोडलं. त्या बिजवराच्या आईनं निरोप पाठवला की, ज्या घरात वरवंटे उडतात तिथं आम्हाला सोयरीक नको. त्या माउलीचे उपकारच म्हणायचे.

दिनकरला अटक झाली आणि चौदाव्या दिवशी जामीन झाला. बायकोच्या घरात पाऊल टाकायचं नाही, या अटीवर तो भावाच्या घरी राहायला गेला. भावाचं घर मागच्याच गल्लीत.

वरवंटा ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जमा झाला.

ही खोली माझ्या खोलीला लागूनच. तिथं हवालदार कृष्णात खोत बसायचे. सायकली, काठ्या, कोयते, एक हातपंप, वऱ्हाडाच्या मारामारीतला बँडवाल्यांचा ढोल, सगळं त्यांच्या ताब्यात. खोत कमी बोलायचे. त्यांच्या खोलीचं दार आपोआप मिटायचं, म्हणून त्यांनी दाराला एक गोणपाटाचं गाठोडं लावून ठेवलं होतं. वर सुतळी, सुतळीवर लाखेचं सील, सीलाला चिठ्ठी. माझ्या पायाच्या अंगठ्याला ते दोनदा लागलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, “खोत, हे काय दगड-धोंडे दारात ठेवता हो?”

“मुद्देमाल हाय,” खोत म्हणाले.

“मग आत ठेवा की.”

“आत जागा न्हाई.”

आत ढोल मावत होता. पण पोलिसांशी वाद घालू नये, त्यांच्यातच काम करायचं असतं. मी अंगठ्याला हळद लावली.

मग तारखा सुरू झाल्या. तीन वर्षांत एकोणीस. कधी साहेब रजेवर, कधी आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा कोर्टात मधमाश्यांचं मोहोळ उठलं. प्रत्येक तारखेला गिरजाबाई सकाळच्या एसटीनं यायची, आधी माझ्याकडे यायची आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न.

“बाई, वरवंट्याचं काय?”

मी काय काय उत्तरं दिली ती मला पाठ आहेत. ‘निकाल लागला की.’ ‘मिळतो हो, कुठं जातोय.’ ‘आधी साक्ष होऊ द्या.’ एकदा वैतागून म्हटलं, “अहो, बाजारात ढिगानं मिळतात वरवंटे!”

“मिळत्यात की,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

बाहेर म्हणजे खोतांच्या दारात. एसटीला वेळ असला की ती तिथं उंबऱ्याला टेकून बसायची. उन्हाळ्यात तिथं वारा लागतो म्हणून बसते, अशी माझी समजूत. जाता-येता बघायचे, तर ती काहीतरी सांगत असायची आणि खोत रजिस्टरात तोंड घालून ‘हं, हं’ करत असायचे. मला त्यांची दयाच यायची. गिरजाबाई एकदा बोलायला लागली की पाल्हाळ फार.

मधल्या काळात मी तिच्या घरी जाऊनही आले. गृहभेट म्हणतात त्याला. घर नीटनेटकं, शेणानं सारवलेलं. पाटा भिंतीशी उभा करून ठेवलेला. चहा पिताना मी विचारलं, वाटण कशावर करता? म्हणाली, शेजारच्या काकूंकडं जाते. गृहभेटीच्या अहवालात मी लिहिलं, ‘शेजाऱ्यांशी संबंध चांगले.’

दुसऱ्या वर्षी सारिकाचं लग्न झालं. मुलगा दूध डेअरीत कामाला, तिनंच पसंत केलेला. गिरजाबाईनं मला पत्रिका दिली, लाडू दिले, आणि म्हणाली, “आता तरी वरवंटा बघा बाई.” मी लाडू खाल्ला.

तिसऱ्या वर्षी साक्ष लागली. माझ्या कामाचा खरा भाग हाच, साक्षीदाराची तयारी. काय बोलायचं ते शिकवायचं नाही, तो गुन्हा आहे. कसं उभं राहायचं, कुठं बघायचं, एवढंच. कोर्ट रिकामं असताना मी गिरजाबाईला आत नेऊन दाखवलं. इथं जजबाई, इथं पेशकार, इथं तुम्ही, तिकडं दिनकर, तिकडं बघायचं नाही. आणि माझे तीन नियम. हे मी स्वतः बनवलेले, मला त्यांचा मोठा अभिमान होता. एक, खरं सांगायचं. दोन, विचारलं तेवढंच सांगायचं. तीन, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं.

पहिला आणि तिसरा तिला लगेच जमला. दुसऱ्यानं माझा जीव खाल्ला.

“समजा मी वकील आहे,” मी म्हटलं. “तुमचं नाव काय?”

“गिरजा दिनकर शेडगे. म्हायेरचं नाव आक्काताई, पर माझ्या सासऱ्यास्नी ते आवडंना, का तर त्यांच्या भनीचं बी...”

“गिरजाबाई! नाव विचारलं ना?”

“सांगितलं की.”

“मग थांबायचं. पुढचा प्रश्न येईपर्यंत तोंड बंद. तुम्ही पाल्हाळ लावला की समोरचा वकील त्यातलंच एखादं टोक धरतो आणि ओढत नेतो. विचारलं तेवढंच. काय?”

“इचारलं तेवढंच.”

चार दिवस घोकून घेतलं. शेवटी अशी तयार झाली की ‘जेवलात का’ विचारलं तर ‘व्हय’ म्हणून गप्प बसायची. काय जेवली ते विचारावं लागायचं. मला फार समाधान वाटलं.

साक्षीच्या दिवशी ती हिरवं लुगडं नेसून आली. पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. सरकारी वकील इनामदारांनी विचारलं तेवढं तिनं सांगितलं. मग खोत गोणपाटाचं गाठोडं घेऊन पुढं आले. तेच, दारातलं. माझ्या अंगठ्यावरून मी ओळखलं. जजबाईंसमोर सील फोडलं, सुतळी कापली, आणि काळाभोर वरवंटा टेबलावर आला.

गिरजाबाईचा चेहरा असा उजळला की मी चपापले. ज्या दगडानं हिचं डोकं फुटलं, तो बघून ही हसते कशी?

“हा ओळखता का?” इनामदारांनी विचारलं.

“व्हय. माझा हाय.”

इनामदार बसले. दिनकरचे वकील बरगाले उठले. गोरेपान, गुळगुळीत, गोड बोलणारे.

“मावशी, असे वरवंटे घरोघरी असतात की नाही?”

“असत्यात.”

“मग हा तुमचाच कशावरून?”

गिरजाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच खूण केली, सांगा. तिनं हात पुढं केला. जजबाईंनी मान हलवल्यावर शिपायानं वरवंटा तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांत, वाटायला घेतात तसा, आडवा धरला.

“हितं माझा अंगठा बसतो,” ती म्हणाली. “एकवीस वर्सं वाटलंय. खळगा पडलाय. दुसऱ्या कुणाचा बसायचा न्हाई. तुमी बघा धरून.”

बरगाले वकिलांनी खरंच धरून बघितला. का बघितला देव जाणे, वकिलानं असं करू नये. अंगठा बसला नाही. कोर्टात खसखस पिकली आणि ते घाईघाईनं दुसऱ्या प्रश्नाकडे वळले.

तासाभरानं साक्ष संपली. जजबाई भल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि थेट गिरजाबाईला विचारलं, “तुम्हाला आणखी काही सांगायचंय का कोर्टाला?”

गिरजाबाईनं तोंड उघडलं. टेबलावरच्या वरवंट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी बाकावर बसून, बोट ओठांवर ठेवल्यासारखं करून, मान हलवत होते. आता काही नको. छान झालंय. आता पाल्हाळ नको.

“न्हाई,” गिरजाबाई म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिची पाठ थोपटली. तिला शाबासकी दिली. हे सगळं मी केलं, कुणी सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. दिनकरला दोन वर्षं सक्तमजुरी. आमच्या कोर्टात नवऱ्याला शिक्षा होणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. इनामदारांनी माझ्याशी हात मिळवला. मी पेढे आणले, शिपायालाही दिले, तो म्हणाला, “बहिणीचं काम झालं वाटतं.” दिनकरला खाली नेत होते तेव्हा गिरजाबाई बघत राहिली. रडली नाही. तो दिसेनासा झाल्यावर तिनं एक मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडे वळली.

“बाई, आता वरवंटा?”

“आता मिळणार!” मी म्हटलं. “निकालात लिहिलेलं असतं शेवटी. थांबा, वाचूनच दाखवते.”

आणि मी कोर्टाच्या पायरीवर उभी राहून, पेढ्याचा हात पदराला पुसून, मोठ्यानं वाचलं. “मुद्देमाल एक दगडी वरवंटा हा निरुपयोगी असल्याने, अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावा.”

वाचून झाल्यावर मला कळलं, मी काय वाचलं ते.

“नष्ट मंजी?” गिरजाबाईनं विचारलं.

“म्हणजे... फोडून टाकायचा.”

ती एकदम शांतपणे म्हणाली, “त्यो चौदा दिसांत जामिनावर सुटला. वरवंटा तीन वर्सं आत हाय. आता त्येला दोन वर्सं, आन् ह्येला फाशी व्हय?”

तिनं हातातला पेढा माझ्या डब्यात परत ठेवला आणि एसटी स्टँडकडे निघाली.

मी इनामदारांकडे धावले. ते म्हणाले, “मॅडम, निकालावर सही झाली की न्यायाधीशालाही एक अक्षर बदलता येत नाही. अपील करायचं म्हणता? दगडासाठी?” ते हसले. मग माझं तोंड बघून थांबले. “अहो, साक्षीच्या वेळी सांगायचं होतं. जजबाईंनी विचारलं होतं की तिला. एका ओळीचं काम होतं. ती नाही म्हणाली.”

ती नाही म्हणाली. होय. आणि का म्हणाली ते त्या कोर्टात दोघींनाच माहीत होतं.

मी ठाण्यावर परत आले. खोत दारात होते. वरवंटा पुन्हा गोणपाटात बांधून, सील मारून, पुन्हा दाराला लावत होते.

“खोत,” मी म्हटलं, “एवढं काय आहे हो त्या वरवंट्यात?”

त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. “तुमाला न्हाई सांगितलं तिनं?”

“नाही.”

“दर तारखेला सांगती की. हितं बसून.” त्यांनी सीलावर फुंकर मारली. “तिला पहिली दोन बाळं झाली, ती बारशाच्या आदीच गेली. तिसरी सारिका. सासू म्हणाली, ह्या खेपंला पाळण्यात गोपा नीट घाला. गोपा ठाव हाय न्हवं? बारशाला वरवंट्याला कुंची घालत्यात, काजळ लावत्यात, पाळण्याखालनं वरनं फिरवत्यात, आन् बाळाच्या आदी त्यालाच निजवत्यात. जे काय वंगाळ असंल ते त्या दगडावर जावं म्हून. सारिका जगली. तवापास्नं गिरजाबाई त्या वरवंट्याला थोरला म्हणती. थोरला लेक.”

मी दारातल्या गाठोड्याकडे बघितलं.

“सारिकाला सातवा लागलाय,” खोत म्हणाले. “बाळंतपणाला हितंच येणार. त्या बाळाच्या आदी ह्यालाच पाळण्यात घालायचा, दुसरा न्हाई चालायचा, असं हाय तिचं. पोरीसाठी घाव बसला तो बी ह्याच दगडाचा. ती म्हणती, त्येचा काय गुन्हा? हात दुसऱ्याचा व्हता.”

“आणि तुम्ही त्याला दाराला लावलात!” मला एकदम राग आला. राग माझा मलाच आला होता, पण खोत समोर होते.

“मग काय करू?” खोत म्हणाले. “आत टाकला असता तर ढोलाखाली गेला असता. तीन वर्सं तिला दिसला नसता. दार काय, विटंनं बी ऱ्हातंय.”

मी माझ्या खोलीत गेले, कपाटातून गिरजाबाईची फाइल काढली आणि तो चार पानी फॉर्म उघडला. बाविसावा रकाना. ‘न्याय’. खाली रेघ. सुंदर अक्षर. मला माझी एवढी लाज वाटली की मी दार लावून घेतलं. तीन वर्षं मी पगार घेत होते तो ऐकण्याचा. ऐकलं कुणी, तर मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारानं, रजिस्टरात तोंड घालून.

दिनकरनं अपील केलं नाही. वकील कोणता करायचा यावर त्या दोघा भावांचं पटेना, तोवर मुदत टळली. सारिका माहेरी आली, मुलगा झाला. आणि त्याच आठवड्यात खोतांनी मला बोलावलं.

“मुद्देमाल नाशाचं पत्र आलंय,” ते म्हणाले. “गुरुवारी फोडायचा. दोन पंच लागत्यात. एक सर्जेराव हायच.”

सर्जेराव म्हणजे ठाण्यासमोरचा चहावाला. ठाण्याचा कायमचा पंच. कागदोपत्री बघाल तर तालुक्यातल्या निम्म्या गुन्ह्यांच्या जागी तो हजर होता.

“दुसरी मी,” मी म्हटलं.

खोतांनी मला जरा निरखून बघितलं. “बारसं रविवारी हाय,” ते म्हणाले, आणि रजिस्टर उघडून बसले.

बुधवारी आठवड्याचा बाजार. मी पाथरवटाकडे गेले. तो म्हणाला, “पाटा बी घ्या की बाई, जोडी असतीय.” म्हटलं, जोडी नको, मला फोडायलाच हवाय. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता एक काळा वरवंटा पिशवीत घातला.

गुरुवारी अकरा वाजता मी पिशवी घेऊन खोतांच्या खोलीत गेले.

“पिशवीत काय हाय?” खोतांनी विचारलं.

“वरवंटा.”

“कुणाचा?”

“अजून कुणाचाच नाही.”

ते उठले, खिडकीतून बाहेर बघून आले, परत बसले. “बाई, माझी चार वर्सं ऱ्हायल्यात नोकरीची. अठ्ठावीस वर्सांत माझ्या खोलीतली एक काडी हिकडची तिकडं झाली न्हाई.”

“मला माहीत आहे, खोत.”

“नुसतं माहीत हाय म्हणू नका.”

“मग मी परत जाते. तुमच्यावर बळजबरी नाही.” आणि मी खरंच उठले. खोटं सांगत नाही, मला तेव्हा थोडं हायसंही वाटलं. मी भित्री आहे.

खोतांनी टोपी घातली. “सर्जेरावला बोलावून आणतो,” ते म्हणाले. “चहा सांगतो. धा मिंटं लागतील.” दारापर्यंत गेले, पायानं ते गाठोडं खोलीच्या आत माझ्याकडे सरकवलं, आणि गेले. दार आपोआप मिटलं.

टेबलावर कात्री होती. सुतळी होती. मेणबत्ती आणि लाखेची कांडी होती. रोज तिथं असायची की त्या दिवशी काढून ठेवली होती, ते मी कधी विचारलं नाही.

मग आवारात, नळाजवळ, आम्ही मुद्देमाल नष्ट केला. लोहाराकडून घण आणला होता. नवा वरवंटा भलता चिवट निघाला. खोतांनी घातले, सर्जेरावनं घातले, अर्धा तास नुसत्या ठिणग्या. सर्जेराव घाम पुसत म्हणाला, “ह्यानं त्या बाईचं डोस्कं फुटलं? तिचं डोस्कं सरकारजमा करायला पायजे हुतं.” शेवटी पाच तुकडे झाले. खोतांनी पंचनामा लिहून वाचून दाखवला. ‘सदरचा वरवंटा आम्ही पंचांनी समक्ष पाहिला, त्यावरील सील व चिठ्ठी खात्रीपूर्वक ओळखली, आणि तो आमच्या समक्ष फोडून नष्ट करण्यात आला.’

सर्जेरावनं न वाचता अंगठ्याएवढी सही केली. मग पेन माझ्याकडे आलं. माझे तीन नियम होते, त्यातला पहिला कोणता ते सांगितलंच आहे. शेकडो बायकांना मी तो घोकायला लावला, पुढंही लावला. मी सही केली, कुसुम तारळेकर, खाली तारीख. अक्षर त्याही दिवशी चांगलं आलं. आता मीही रिटायर आणि खोतही, म्हणून सांगतेय.

रविवारी गिरजाबाईच्या घरी बारसं. शुक्रवारीच मी पिशवी पोचवली होती. तिनं पिशवीत हात घातला, न बघता अंगठा लावला, आणि पदर तोंडात धरून जी रडली, ती तीन वर्षांत पहिल्यांदा. मला काही विचारलं नाही. मीही विचारलं तेवढंच सांगायचं ठरवून गेले होते, त्यामुळे काहीच बोलले नाही.

पाळणा फुलांनी सजवला होता. भिंतीशी उभा असलेला पाटा आज आडवा, धुऊन पुसून. बायकांनी घर भरलं होतं. गिरजाबाईनं वरवंट्याला लाल कुंची घातली होती, काजळाची तीट लावली होती. मधोमध लाखेचा एक लाल ठिपका राहून गेला होता. घासून निघत नव्हता म्हणे. बायकांना ते कुंकूच वाटलं.

गोपा फिरायला लागला. पाळण्याच्या खालून एकीनं द्यायचा, वरून दुसरीनं घ्यायचा. मी मागं भिंतीला टेकून उभी होते. मी कोण, तर साक्षीदाराची बहीण.

“बाई, तुमी म्होरं या,” गिरजाबाई म्हणाली. “तुमीच घ्या.”

मी पुढं गेले. पाळण्याखालून तिनं तो माझ्या हातांत दिला. चांगलाच जड होता. कुंची सरकली आणि तो माझ्या हातांतून निसटता निसटता राहिला.

“नीट धरा,” ती हळूच म्हणाली. “कागदावर एकदा फुटलाय. आता खराच फोडू नका.”